फायटर काढायचा, तर आधी त्याचं तोंड पाहा

मासा काढता येत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. दोन वक्र रेषा टोकांना जोडल्या, मागे त्रिकोण लावला, पुढे टिंब दिलं की मासा झाला. बालवाडीतलं मूलही तो ओळखतं. अडचण पुढे येते. घरातल्या फिश टँकसमोर बसून त्यातला एखादा मासा काढायला घेतला की कागदावर भलतंच काही उतरतं. रंग तेच असतात, आकारही जवळपास जमलेला असतो, तरी मासा ताठ, चपटा आणि कुठल्याच जातीचा नसलेला दिसतो. “माझा मासा खरा का वाटत नाही?” हा प्रश्न चित्रं काढणारी मुलं विचारतात आणि त्यांच्या शेजारी बसलेले आईबाबाही विचारतात.

कारण साधं आहे. टँकसमोर बसूनही हात बालवाडीत शिकलेला मासाच काढत असतो. डोळे काचेकडे असतात, पण तोंड नेमकं कुठे उघडतं, पाठीवरचा पर कुठून सुरू होतो, शेपटीपाशी अंग किती जाड आहे, हे आपण स्वतःला विचारलेलंच नसतं. माशाच्या अंगावरच्या बहुतेक गोष्टींच्या जागा त्याच्या जगण्यातून ठरलेल्या असतात. ते जगणं थोडं समजलं की रेषा कुठे न्यायची हे कळतं, आणि रंग कुठल्या क्रमाने द्यायचे तेही कळतं. या प्रकरणात आपण एकच मासा घेऊ आणि तो पहिल्या रेषेपासून शेवटच्या रंगापर्यंत नेऊ.

१. फायटरच का?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत, जिथे रंगीत मासे विकतात तिथे फायटर असतोच. दोन नर एकत्र ठेवले की ते झुंजतात, म्हणून एकेकाला वेगळ्या बरणीत ठेवलेलं दिसतं. त्याचं शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी ते १९१० साली दिलं. मासा मूळचा थायलंडचा. तिथली भातखाचरं, दलदली, संथ कालवे हे त्याचं घर. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

रानातला फायटर मात्र दुकानातल्यासारखा नसतो. त्याचं अंग मातकट, त्यावर हिरवट-निळी झाक, आणि पर आखूड. लांब, झुलणाऱ्या परांचे भडक रंगांचे नर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासले आहेत. मादीचे पर आजही आखूडच असतात.

चित्र शिकणाऱ्याच्या दृष्टीने या माशाचे मोठे फायदे आहेत. तो एकटा असतो. निऑन टेट्राचा थवा इकडून तिकडे पळत राहतो, फायटर बराच वेळ एका जागी तरंगतो. अंग जेमतेम सहा सेंटीमीटरचं, पण पर इतके मोठे की त्यांची रचना साध्या डोळ्यांना दिसते. आणि रंगांचं म्हणाल, तर माशाच्या कातडीत रंग तयार होण्याच्या दोन्ही तऱ्हा या एकाच माशात पाहायला मिळतात. त्या आपण पुढे पाहू.

२. कुठून पाहायचं?

सपाट काचेसमोर, डोळे माशाच्या पातळीवर आणून. ही अट महत्त्वाची आहे. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते. काच सपाट असेल आणि तुम्ही समोर असाल तर माशाचा आकार बिघडत नाही. गोल भांड्यात मात्र काचेची आणि पाण्याची गोलाई मिळून मासा फुगवून दाखवते, आणि तो जरा बाजूला सरकला की डोकं मोठं, शेपूट लहान असं होऊन जातं. वरून वाकून पाहिलं तर अंगाची उंची कळतच नाही.

मासा डावीकडे तोंड करून असेल तेव्हाचा घ्या. शास्त्रीय चित्रांची ही जुनी पद्धत आहे. फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला. भारतीय माशांच्या अभ्यासात आजही त्याचा दाखला देतात. त्यातल्या पानोपानी मासे डावीकडे तोंड करूनच भेटतात. सगळ्यांची एकच बाजू काढली की एका माशाची दुसऱ्याशी तुलना सोपी होते. तुम्हीही वहीत हीच सवय ठेवा. दहा चित्रं झाली की तिचा उपयोग दिसू लागतो.

पेन्सिल हातात घेण्याआधी काही वेळ नुसतं पाहा. मोबाईलवर फोटो काढायला हरकत नाही, पण फोटो नंतर पडताळण्यासाठी. फोटोत एकच क्षण असतो. पर मिटतात कसे, उघडतात कसे, हे जिवंत मासाच दाखवतो.

बरणीजवळ आरसा धरला तर नर स्वतःच्या प्रतिबिंबाला दुसरा नर समजतो, पर पसरतो आणि कल्ल्यांवरची झाकणं फुलवतो. पर पुरते पसरलेले पाहायची ही चांगली संधी असते. पण तो खरोखर झुंजीच्या तयारीत असतो, त्याची दमछाक होते. एखाद-दुसऱ्या मिनिटात आरसा काढून घ्या. चित्रासाठी माशाला त्रास देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

३. आधी कणा, मग अंग

ए-फोर कागद आडवा धरा. एचबी पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, मधोमध जरा डावीकडे दहा सेंटीमीटर लांबीची एक रेषा ओढा. पट्टी वापरू नका. रेषेला किंचित वळण असू द्या: मधे जराशी खाली, शेपटीकडे पुन्हा वर. हा माशाचा कणा. मासा कणा डावीउजवीकडे वाकवून पोहतो, आणि तरंगत असतानाही तो पट्टीने आखल्यागत सरळ नसतो. चित्रातला ताठरपणा बहुतेक वेळा इथूनच येतो, कारण आधी बाहेरची रेघ ओढली जाते आणि आतला कणा कोणाच्या लक्षातच नसतो.

आता डाव्या टोकाला ० आणि उजव्या टोकाला १० असं समजून काही खुणा करू. ० म्हणजे तोंड. ३ म्हणजे जिथे डोकं संपतं, कल्ल्यांवरच्या झाकणाची मागची कड. ४ वर अंग सगळ्यात उंच: रेषेच्या वर दीड, खाली दीड, एकूण तीन सेंटीमीटर. ६ वर पाठीचा पर सुरू होईल. साडेचारच्या खाली पोटाकडचा लांब पर सुरू होईल. १० वर शेपटीचं मूळ, तिथली उंची दोन सेंटीमीटर.

हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक मासा थोडा वेगळा असतो. पण शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवा. बहुतेकजण शेपटीच्या मुळापाशी अंग एकदम बारीक करतात, कारण बालवाडीच्या माशात दोन्ही रेषा तिथे एकमेकींना भेटतात. फायटरचं अंग तिथेही चांगलं जाड असतं. तीन सेंटीमीटरवरून दोनवर येणं म्हणजे फारच थोडा उतार. हा उतार जमला की फायटरची अर्धी ओळख जमली.

खुणा सलग रेषेने जोडा. पाठीची रेषा डोक्यावरून जवळजवळ सपाट येते, पोटाची रेषा जरा जास्त भरलेली असते.

४. तोंड, डोळा, कल्ला

फायटरचं तोंड वर वळलेलं असतं. त्याचं अन्न पाण्याच्या पृष्ठभागावर असतं: डासांच्या अळ्या, पाण्यात पडलेले बारीक किडे. शिवाय तो हवाही तिथूनच घेतो. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला एक जादा अवयव असतो. त्यात असंख्य घड्या असल्याने त्याला चक्रव्यूह-अवयव म्हणतात. पृष्ठभागावर येऊन गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो या अवयवातून घेतो, म्हणून भातखाचरातल्या कोमट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगून राहतो. अन्न वर, हवा वर, म्हणून तोंडही वर.

कागदावर याचा अर्थ असा: तोंडाची चीर कण्याच्या रेषेवर येत नाही, तिच्या जरा वर येते आणि तिरकी असते. तिचं पुढचं टोक वर, मागचं टोक खाली डोळ्याच्या दिशेने. खालचा जबडा किंचित पुढे आलेला. एवढं केलं की चेहऱ्यावर फायटरचा करारीपणा येतो. चीर आडवी आणि मधोमध काढली तर बाकी कितीही मेहनत घ्या, मासा दुसऱ्याच जातीचा होतो.

डोळा डोक्याच्या पुढच्या अर्ध्या भागात, कण्याच्या रेषेच्या वर. आपल्या मापात त्याचा व्यास सात-आठ मिलिमीटर. माशाला पापणी नसते, त्यामुळे बुबुळाभोवतीचं रंगीत कडं पूर्ण गोल दिसतं. आधी बाहेरचं वर्तुळ, आत काळं बुबुळ, आणि बुबुळाच्या वरच्या कडेला कागदाचा पांढरा ठिपका तसाच राखलेला. टँकचा दिवा वर असतो, म्हणून ठिपकाही वरच. कल्ल्यावरचं झाकण एका गोलसर रेषेने दाखवा. ही रेषा खूप ठळक झाली तर डोकं धडापासून कापल्यासारखं दिसतं, म्हणून ती खालच्या बाजूला गडद आणि वर जाताना फिकी होऊ द्या.

५. पर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एक घोळ आधी दूर करू. श्वासासाठी असतात ते कल्ले, पोहण्यासाठी असतात ते पर. फायटरला पाठीवर एक पर, शेपटीला एक, पोटाखाली मागच्या बाजूला एक लांब पर, छातीशी दोन आणि त्यांच्या खाली आणखी दोन बारीक, निमुळते पर असतात. एका बाजूने पाहताना जोडीतला पलीकडचा पर अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही.

पराची रचना समजायला छत्री उघडून पाहा. काड्या टणक असतात, कापड मऊ असतं. आकार काड्या देतात, कापड फक्त दोन काड्यांच्या मधली जागा भरतं. छत्री पूर्ण उघडली की कापड ताणलं जातं आणि त्याची कड दोन काड्यांच्या मधे थोडी आत ओढली जाते. अर्धवट मिटली की काड्या जवळ येतात आणि कापडाला घड्या पडतात. माशाच्या परातही तेच. आत किरण नावाच्या काड्या, त्यांच्यामध्ये पातळ पडदा. म्हणून पर काढताना बाहेरची कड आधी काढायची नाही. आधी काड्या, मग पडदा, कड सगळ्यात शेवटी. कड आधी काढली की आत रेघा नुसत्या भरल्या जातात आणि पर कागदी वाटतो.

आता शेपूट प्रत्यक्ष करून पाहू. दुकानदार ज्याला ‘हाफमून’ म्हणतात त्या नराचं शेपूट पूर्ण पसरलं की १८० अंशांचं होतं: वरची पहिली काडी सरळ वर, खालची शेवटची सरळ खाली. कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि त्याचा मध्य १० च्या खुणेवर ठेवा. आपण ११ मुख्य काड्या काढू. ११ काड्यांमध्ये जागा होतात १०, म्हणजे प्रत्येक जागेला १८ अंश. आधी वरची, खालची आणि मधली आडवी काढा, मग वर चार आणि खाली चार. लांबी सहा सेंटीमीटर. काड्या एका बिंदूतून निघत नाहीत हे ध्यानात घ्या. शेपटीच्या मुळाची जी दोन सेंटीमीटर उंची आहे, तिच्यावर त्या ओळीने बसवायच्या आणि दिशा फक्त कोनमापकावरून घ्यायची.

काड्या काढून झाल्या की एक गोष्ट खटकेल. मुळाशी त्या दाट आहेत, टोकाशी मात्र फारच विरळ. हिशेब करून पाहा. सहा सेंटीमीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची कड साधारण १९ सेंटीमीटर होते. १० जागांत ती वाटली तर दोन टोकांमध्ये जवळपास दोन सेंटीमीटरचं अंतर. एवढा रुंद पडदा आधाराशिवाय लोंबकळेल. माशाच्या शेपटीत यावर उपाय असतो: काडी पुढे जाताना दुभंगते, आणि हाफमूनसारख्या जातींत तिचे फाटे पुन्हा फुटतात. आपणही प्रत्येक काडीला मुळापासून दोन सेंटीमीटरवर दोन फाटे फोडू, आणि चार सेंटीमीटरवर त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. ११ काड्यांची ४४ टोकं झाली. आता दोन टोकांमधलं अंतर साडेचार मिलिमीटरच्या आत आलं. शेपूट भरगच्च दिसू लागेल. त्यासाठी अंदाजाने रेघा घालाव्या लागल्या नाहीत, शेपटीच्या बांधणीतूनच त्या आल्या.

कड काढताना दोन टोकांच्या मधे पडदा किंचित आत घ्या. ‘क्राउनटेल’ नावाच्या जातीत पडदा काड्यांपेक्षा बराच आखूड असतो, त्यामुळे काड्यांची टोकं काट्यांसारखी बाहेर येतात. ती जात काढायची असेल तर बाकी सगळं हेच, फक्त पडदा जास्त आत न्यायचा.

पाठीचा पर ६ च्या खुणेवर सुरू करा. बहुतेक चित्रांत तो फार पुढे, डोक्यामागेच सुरू होतो; फायटरमध्ये तो अंगाच्या मध्याच्या मागे असतो. काड्या वर आणि मागे झुकलेल्या. पोटाखालचा लांब पर साडेचारच्या खुणेपासून जवळजवळ शेपटीपर्यंत जातो, आणि सगळ्यांत लांब बैठक त्याचीच. त्याच्या काड्या खाली आणि मागे. पुरत्या पसरलेल्या माशात हे दोन्ही पर आणि शेपूट एकमेकांना टेकतात, त्यांच्यामध्ये फट राहत नाही.

छातीचा पर लहान, गोलसर आणि बहुतेक नरांमध्ये जवळजवळ पारदर्शक. तो सतत हलत असतो, तरंगताना अंग जागच्या जागी ठेवण्याचं काम त्याचं. त्याला ठळक कड देऊ नका. चार-पाच फिक्या रेघा पुरेत आणि पलीकडचे खवले त्यातून दिसू द्या. त्याच्या खालचे दोन निमुळते पर मात्र ठसठशीत काढा, एक पुढे, दुसरा त्याच्या जरा मागून डोकावणारा.

६. खवले

सगळे खवले काढायचे नाहीत. खवल्याची मोकळी कड शेपटीकडे असते, एवढं पाळा. अंगावर तिरक्या हलक्या रेषांची जाळी आखा, आणि फक्त पाठीजवळच्या व मधल्या भागातल्या खवल्यांच्या कडा दाखवा. पोटाकडे जाळी पुसट होऊ द्या. डोळा बाकीचे खवले स्वतः भरून घेतो.

७. रंग: माशाच्या कातडीत काय असतं?

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे. माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात. काहींमध्ये पिवळा रंग, काहींमध्ये लाल, काहींमध्ये काळा किंवा तपकिरी. ही खरी रंगद्रव्यं. निळ्या रंगद्रव्याच्या पेशी मात्र बहुतेक माशांमध्ये नसतातच. पॅसिफिक महासागराच्या पश्चिम भागातला मँडरिन मासा हा मोजक्या अपवादांपैकी एक.

मग फायटर निळा कसा? त्याच्या कातडीत आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्यांच्यात ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ, रंगहीन स्फटिक थर लावून बसलेले असतात. प्रकाश या थरांवरून परत फिरतो, आणि थरांमधलं अंतर जसं असेल तसा निळा किंवा हिरवट भाग आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. बाजारातल्या माशाच्या खवल्यांची चंदेरी चमकही ग्वानिनचीच. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये खवल्यांतून ही चमक काढून खोटे मोती बनवू लागले होते.

स्वतः पडताळून पाहा. मासा वळतो तेव्हा कुठला रंग तसाच राहतो आणि कुठला बदलतो याकडे लक्ष द्या. लाल लालच राहतो. निळा मात्र एका कोनात झळाळतो, दुसऱ्यात हिरवट होतो, तिसऱ्यात विझतो. पहिला रंगद्रव्याचा, दुसरा प्रकाशाचा. शिवाय चमकणाऱ्या पेशींखाली काळा रंग असेल तर निळा गडद आणि खोल दिसतो. काळा नसेल तर तीच चमक पांढुरकी, फिकट निळी भासते.

रंगवण्याचा क्रम यातूनच निघतो. निळं अंग आणि लाल पर असलेला नर आपण जलरंगांत रंगवू.

पहिला हात लेमन यलोचा, भरपूर पाणी घालून, फक्त परांवर. लालाच्या खाली पिवळा असला की लाल पेटतो. वाळू द्या. दुसरा हात लालाचा. ब्रश नेहमी काडीच्या दिशेने, मुळापासून टोकाकडे न्या. मुळाशी क्रिमसन लेक दाट, टोकाकडे पाणी जास्त. काड्यांवर गडद, पडद्यावर फिका. हे दोन-तीन पातळ हातांत करा. एकाच दाट हाताने केलं तर पडद्याची पारदर्शकता जाते, आणि ती एकदा गेली की परत आणता येत नाही.

अंगासाठी वेगळी काळजी लागते. माशात काळ्यावर निळा चमकू शकतो, कागदावर पारदर्शक निळा काळ्यावर दिला तर दिसणारच नाही. लालावर दिला तर मळकट जांभळा होईल. म्हणून निळ्याची जागा आधीपासून कोरी ठेवायची. प्रत्येक खवल्याच्या मध्यात अल्ट्रामरीन ब्लूचा पातळ ठिपका, काहींवर त्यात थोडा हिरवा मिसळून. पाठीजवळच्या मोजक्या खवल्यांवर कागदाचा पांढरा कण तसाच राखा. त्यावर ओला रंग चुकूनही पसरू देऊ नका, चमक तिथेच आहे. हे वाळल्यावर खवल्यांच्या मधल्या जागांत गडद रंग भरा. बाटलीतला काळा घेऊ नका, तो निर्जीव दिसतो. प्रशियन ब्लू आणि तपकिरी मिसळून जो गडद रंग होतो तो वापरा. डोकं याच गडद रंगात, कल्ल्याच्या झाकणाशी थोडी लाली.

पोस्टर कलर वापरत असाल तर क्रम सोपा होतो. तो अपारदर्शक असल्याने गडद अंग आधी आणि निळे-हिरवे ठिपके शेवटी वरून देता येतात, अगदी माशाच्या कातडीच्या क्रमाने. रंगीत पेन्सिली असतील तर जलरंगांचाच क्रम पाळा.

८. पोट गडद की फिकं?

गोल वस्तूवर वरून उजेड पडला की वरचा भाग उजळ आणि खालचा गडद दिसतो. पण बांगडा हातात घ्या: पाठ निळसर-हिरवी गडद, पोट चंदेरी. उजेडाच्या बरोबर उलट. अॅबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली यामागचं कारण मांडलं. वरून येणारा उजेड गडद पाठीला उजळवतो आणि फिकट पोटावर सावली पडते, दोन्ही मिळून अंगाची गोलाई मिटते आणि शिकाऱ्याला प्राणी सहज दिसत नाही. प्राणिशास्त्रातला इतका महत्त्वाचा नियम चित्रकाराच्या नजरेला सापडला, याचं मला विशेष मोल वाटतं. छायाप्रकाश रंगवत आलेला माणूसच हे पाहू शकत होता.

आपल्या कामाचा भाग असा: दुकानातल्या फायटरचं अंग बहुधा वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचं असतं. त्याच्या बाबतीत गोलाई लपत नाही, म्हणून पाठीवर उजेड आणि पोटाखाली गडद सावली द्या. मासा लगेच भरीव दिसेल. बांगडा किंवा रोहू काढाल तेव्हा मात्र पोटाखाली सावली हलकी ठेवा.

९. पाणी

पार्श्वभूमी निळीने भरायचा मोह टाळा. टँकमधलं पाणी रंगहीन असतं. लाल परांमागे फिकट, करडसर हिरवा हात फिरवला की लाल उठून येतो. वर डाव्या कोपऱ्यात पृष्ठभागाची एक रेषा आणि तिथे थोडे बुडबुडे काढलेत तर ते शोभेचे ठरणार नाहीत. फायटरचा नर बुडबुड्यांचंच घरटं बांधतो, त्यात अंडी ठेवतो आणि खाली पडलेलं अंडं तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवतो.

१०. पुढचा मासा

हेच प्रश्न घेऊन दुसऱ्या माशाकडे जा. तोंड कुठे उघडतं? गप्पीचं फायटरप्रमाणे वर, गोल्डफिशचं समोर, कोरिडोरास तळाशी अन्न शोधतो म्हणून त्याचं खाली. अंगाची उंची लांबीच्या मानाने किती? एंजलफिशमध्ये ती इतकी वाढते की फायटरचं एकही माप लागू पडत नाही. पाठीचा पर कुठे सुरू होतो, शेपटीचं मूळ किती जाड, मासा वळल्यावर कुठला रंग बदलतो? या पाच उत्तरांची नोंद चित्राच्या शेजारी करा, खाली माशाचं नाव आणि तारीख लिहा.

आणि चित्रासाठी फायटर विकत आणणार असाल, तर दुकानातली बरणी तशीच टेबलावर ठेवू नका. ती विक्रीपुरती असते. त्याला पंधरा-वीस लिटरची सपाट काचेची टाकी, वर झाकण आणि झाकणाखाली श्वास घेण्यापुरती मोकळी हवा द्या. एवढ्या जागेत तो पर पूर्ण उघडून वळतो, आणि तुम्हालाही तो नीट पाहता येतो.